नदी तुकडीचा बगळा

८ जानेवारी

ती. मामा,

पेट्या पोचल्या. एकीचाही कोपरा दबलेला नाही आणि प्रत्येक बिल्ला तुम्ही गुंडाळलेल्या पातळ कागदात जसाच्या तसा आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण मामीने पत्र वाचायला घेतलं की तुम्ही ‘आधी पेट्यांचं बघ काय लिहिलंय’ म्हणून तिला अडवणार.

दुसरी गोष्ट सांगायला अवघड वाटतंय. तुमचा संग्रह तपासायचं काम बाईंनी मलाच दिलं आहे. बाई म्हणजे आमच्या संग्रहालयातल्या वस्त्रविभागाच्या प्रमुख. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की संग्रह देणारे माझे सख्खे मामा आहेत, मी त्यांच्याच घरात वाढले, भरतकामातलं जे काही कळतं ते त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर शिकले, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, इथे सैनिकी भरतकाम कळणारी तू एकटी आहेस, आणि मामांच्या वस्तू म्हणून तू जरा जास्तच कडक बघशील, नाही का? हे कौतुक होतं की दटावणी, मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात तुमच्या क्रमानेच केली आहे. आधी उलट बाजू, मग कडा, मग भिंगाखाली टाके आणि शेवटी जांभळा दिवा. दिवा लावायला इथे एक अडगळीची खोली आहे, तिला मी काळा पडदा लावून घेतला. जुना सुती दोरा त्या दिव्याखाली मेल्यासारखा पडून राहतो आणि नवा कृत्रिम दोरा पांढराफेक पेटतो, हे मी सांगितलं तेव्हा बाईंनी लिहून घेतलं. मला लाजल्यासारखं झालं. हे मला शाळेत पाढे येण्याआधी येत होतं. आठवतं ना, तुम्ही खऱ्या बिल्ल्यांत एक खोटा मिसळायचात आणि तो सापडेपर्यंत मला उठू द्यायचा नाहीत. माझं ताट गार व्हायचं. मामी दारातून खुणा करायची, आणि तिची खूण हमखास चुकायची.

पहिल्या पेटीत घोड्याच्या डोक्याचा बिल्ला खोटा निघाला. तुम्हालाही त्याची शंका होतीच. बाकी सगळं उत्तम.

डोळ्यांचं औषध वेळेवर घालता ना?

तुमची,
भिंग


१७ जानेवारी

चि. भिंग,

अक्षर मामीचं, मजकूर माझा. आता हे असंच चालायचं. काचबिंदूने नेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येत नाही, हे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर निदान भूल तरी वाचली असती.

घोडा फेकून दे. त्याचं मला वाईट वाटेल अशी समजूत असेल तर तीही फेकून दे. संग्रह माझा, म्हणून तू हात आखडता घेतलास तर मी तुला काही शिकवलं नाही असं होईल. वस्तूबरोबर जी हकिकत येते ती ओल्या छत्रीसारखी दाराबाहेर ठेवायची आणि वस्तू एकटी आत घ्यायची. विकणाऱ्याचा आजा लढाईत होता की नाही, हे टाक्यांना माहीत नसतं.

आमचा दोस्त हवालदार दर रविवारी पत्ते पिसता पिसता एकच विचारतो, माझा बगळा काचेत कधी बसणार? त्याला वाटतं तू रोज त्याच्या त्या बगळ्याच्या बिल्ल्यासमोर सलाम ठोकून कामाला लागतेस. कोटाला नवी बटणं लावून घेतली आहेत. दालन उघडेल त्या दिवशी त्या काचेशेजारी उभं राहायचं आहे म्हणे. मी म्हटलं, तुलाच काचेत ठेवू, बगळा बाहेर उभा राहील. पत्ते खेळताना तो अजून लबाडी करतो आणि मला दिसत नाही म्हणून आता जास्तच करतो. मामी त्याला हसून सामील असते.

पण एवढं ध्यानात असू दे. नदी तुकडीचं सगळं दप्तर जळालं, तेव्हा तो त्या तुकडीत होता याला त्याचा शब्द आणि तो बिल्ला याशिवाय पुरावा नाही. आमच्या माजी सैनिक निवासात सेवेत नव्हता त्याला खोली देत नाहीत. निवासाचा सचिव म्हणून मी त्या बिल्ल्यावर सही केली, तेव्हा त्याला खोली मिळाली. खोली मिळाल्यावर त्याने बिल्ला मला देऊन टाकला. विकला नाही, दिला. माझ्या सगळ्या संग्रहात भेट म्हणून आलेली तेवढी एकच वस्तू.

मामी म्हणते, गार पाण्याने डोकं धुवू नकोस.

मामा


२ फेब्रुवारी

ती. मामा,

हे पत्र पुढे ढकलत आले. मामी, तूही हे सावकाश वाच.

काल बगळा तपासला. आधी जे चांगलं दिसलं ते सांगते. हिरव्या लोकरी बनातीचा तुकडा, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला एका पायावर उभा बगळा, खाली कलाबतूच्या दोन लाटा. हाताचं काम आहे. टाके घाईचे असले तरी सराईत आहेत. उलट बाजूला बाहीवरून उसवल्याच्या खुणा आहेत.

पण त्या बिल्ल्यात मळ नाही, मामा. माणसाच्या बाहीवर इतका काळ राहिलेल्या वस्तूच्या टाक्यांमध्ये जी काळपट धूळ बसते, घामाची पिवळट कड दिसते, तसलं काहीच नाही. आणि दिव्याखाली बगळा पेटला. नुसता उजळला नाही, अंधारात तेवढाच एक पक्षी दिसत होता. बनातीवरही फिकट निळसर डाग उमटले. मी पडदा उघडून, बाहेर एक फेरी मारून परत येऊन बघितलं. दिवा बदलून बघितलं. शेजारी तुमच्याच संग्रहातला दुसरा जुना पांढरा बिल्ला ठेवला, तो मख्ख पडून राहिला.

याचे अर्थ दोनच होतात. एक म्हणजे दोरा नवा आहे आणि कोणीतरी हे अलीकडे बनवलं आहे. दुसरा अर्थ असा की बिल्ला जुना आहे, पण कधीतरी कपडे धुवायच्या पावडरीत धुतला गेला. हल्लीच्या पावडरीत पांढऱ्याला चमक आणणारं जे असतं तेही दिव्याखाली असंच पेटतं. म्हणून विचारते, आणि कृपा करून नीट आठवून सांगा. तुमच्याकडे आल्यापासून हा बिल्ला कधी भिजला, पुसला किंवा धुतला गेला आहे का? आणि तुम्ही स्वतः तो कधी दिव्याखाली धरला होता का?

उत्तर येईपर्यंत मी बाईंना काही सांगणार नाही.

भिंग


९ फेब्रुवारी

चि. भिंग,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. माझ्या घरात माझ्याशिवाय पेटीला कोणी हात लावत नाही. भिजण्याचा आणि धुण्याचा प्रश्नच येत नाही. हे तुला माहीत असताना तू विचारलंस, म्हणजे तुला पळवाट हवी होती. माझ्यासाठी हवी होती हे कळतं, पण पळवाट ती पळवाट.

दिव्याखाली मी तो कधी धरला नाही, मळ आहे की नाही हेही निरखून पाहिलं नाही. मित्राने हातात ठेवलेली वस्तू दिव्याखाली धरायला मला संकोच वाटला. आयुष्यात एकदा ती छत्री घरात घेतली आणि बघ, पाणी कुठवर आलं.

जे दिसलं ते लिही आणि सही कर. शब्द मऊ करू नकोस. हवालदाराला काय सांगायचं ते मी सांगेन.

मामा


१८ फेब्रुवारी

ती. मामा,

सही केली. आधी मी ‘शंकास्पद’ असं लिहिलं होतं. बाईंनी कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, दुसऱ्या कोणाचा संग्रह असता तर तू हाच शब्द लिहिला असतास का? खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाचा असता तरी मी तोच लिहिला असता. पण ते म्हणायला माझी जीभ उचलली नाही, कारण ते ऐकायला मामांची बाजू घेतल्यासारखंच वाटलं असतं. मी शब्द खोडला आणि ‘बनावट’ लिहिलं.

बाकी संग्रह स्वीकारला आहे. दालनात तुमच्या नावाची पाटी लागेल.

एकच मागते, मामा. हवालदारकाकांना इतक्यात काही सांगू नका. संग्रहालयाने जागेअभावी बगळा घेतला नाही असं म्हणता येईल. मी कधी कोणाला खोटं सांगा म्हणत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्यांची खोली, त्यांचा मान, सगळं त्या बिल्ल्यावर उभं आहे, आणि मला रात्रंदिवस असं वाटतंय की मी काहीतरी बघायचं राहून गेलं आहे.

भिंग


६ मार्च

चि. भिंग,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या रविवारीच मी त्याला सांगून मोकळा झालो होतो. आधी आलं असतं तरी फरक पडला नसता.

व्हरांड्यात डाव चालू होता. मी म्हटलं, तुझा बिल्ला खोटा निघाला. तो म्हणाला, पत्ता टाक. त्याला वाटलं मी डाव उधळायला थट्टा करतो आहे. मी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो हसला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर हसला नाही. मी विचारलं, तू तो कधी धुतला होतास का? माझ्याकडून मी त्याला तेवढी वाट ठेवली. म्हणाला, नाही. आमच्यातला कोणी तो धूत नसे.

मग म्हणाला, “त्या बगळ्याखाली कोण कोण नदीत उतरलं ते मला माहीत आहे. तुझ्या दिव्याला काय माहीत आहे?”

मी म्हटलं, “दिवा कोणाला ओळखत नाही. म्हणूनच तो लावायचा.”

त्याने पत्ते उताणे टाकले आणि उठला. मामी चहा घेऊन आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. हातात कोणते पत्ते होते ते तिने मला सांगितलं. डाव त्याचाच होता.

मी समितीला माझी सही मागे घेत असल्याचं कळवलं. दुसरं काय करणार होतो? ज्या वस्तूवर सही केली तीच खोटी ठरली, तर सही ठेवायची कशावर? समितीने त्याला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. त्याने ती घेतली नाही. आपली ट्रंक उचलून तो बहिणीकडे, तिच्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. जाताना व्हरांड्यातल्या कोणाशी बोलला नाही आणि व्हरांड्यातलंही त्याच्याशी कोणी बोललं नाही. इतकी वर्षं आपल्या पंक्तीला खोटा माणूस बसला म्हणून मंडळी चिडली आहेत. मी चिडलेलो नाही. मी फक्त विचार करतो की इतका खोटेपणा करून तो एवढा शांत कसा राहिला.

तू तुझं काम चोख केलंस. मनाला लावून घेऊ नकोस.

मामा


२१ मार्च

चि. पोरी,

हे पत्र माझं आहे. माझ्या मनाने पहिल्यांदाच लिहिते आहे, त्यामुळे कुठून सुरुवात करावी कळत नाही. हे आत झोपले आहेत.

बगळा मी धुतला.

यांना शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्यांची मोरी गळायला लागली आणि पाणी यांच्या कपाटावर आलं. एका पेटीच्या झाकणातून ओल आत गेली. बाकी सगळं बचावलं, पण बगळा वरच होता, त्याच्यावर बुरशी धरली. काळे ठिपके. मला वाटलं, डोळे घालवून माणूस घरी येणार आणि आल्या आल्या हे हाताला लागणार. म्हणून मी तो कोमट पाण्यात पांढऱ्या कपड्यांची पावडर टाकून हलक्या हाताने धुतला, सावलीत वाळवला, जाड पुस्तकाखाली दाबून ठेवला. इतका छान पांढरा झाला होता. मला त्याचा अभिमानच वाटला, सांगायला कोणी नव्हतं एवढंच.

तुझं ते पत्र मीच वाचलं यांना. ‘धुतला गेला आहे का’ हे वाचतानाच सांगून टाकावं असं मनात आलं. पण प्रश्न पुरता व्हायच्या आत हे म्हणाले, लिही, माझ्या घरात पेटीला कोणी हात लावत नाही. लेखणी माझ्या हातात होती. मी लिहिलं. वाटलं, एवढं वाक्य होऊ दे, मग सांगते. मग यांनी पुढचं वाक्य सांगितलं, मी तेही लिहिलं.

तुला यांचा स्वभाव माहीत आहे. तू लहान असताना मी एकदा काचपेटी पुसली होती, तर तुझी शाळेची सुट्टी संपेपर्यंत हे माझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा यांना दिसत होतं, दुसरीकडे बघायला शंभर गोष्टी होत्या. आता बोलायचं थांबले तर या घरात यांना काय उरेल आणि मला तरी काय? आणि मला खरंच वाटत होतं की तुमचं ते यंत्र एवढं मोठं, त्याला पावडर काय आणि खोटं काय, कळेल.

गेल्या रविवारी यांनी पत्ते काढले, पिसले, दोघांचे वाटले. मग समोर हात पुढे करून चाचपलं आणि परत गोळा केले. मी स्वयंपाकघरात गेले.

आता तू शहाणी आहेस. काय करायचं ते तू सांग.

तुझी,
मामी


२५ मार्च

मामी,

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर रागावले. तो राग फार वेळ टिकला नाही, कारण माझीच पाळी आली.

बिल्ला अजून इथेच होता. बाईंना सगळं सांगून मी उलट बाजूचा एक सुटा दोरा काढला आणि जाळून बघितला. कृत्रिम दोरा वितळून त्याची कडक गोळी होते. हा कागदासारखा जळला, तसाच वास आला आणि मऊ राख झाली. साधा जुना सुती दोरा. एवढी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी करू शकले असते. मालकाच्या परवानगीशिवाय दोरा काढायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि ती परवानगी मी मामांकडे मागितली नाही. मागितली असती तर मी मामांची वस्तू वाचवायला धडपडते आहे असं बाईंना वाटलं असतं. मी पक्षपाती दिसू नये म्हणून एका म्हाताऱ्या माणसाची खोली गेली. तू पावडर वापरलीस, मी हे वापरलं.

बाईंनी अहवाल बदलला. एका ओळीत बदलला. ‘बनावट’ खोडून ‘अस्सल, धुतलेला’ लिहिलं आणि पुढचा कागद ओढला.

मी मामांना आजच लिहिते आहे. त्यात तुझं नाव घालून तुझ्याच तोंडून तुझी चूक वाचून घ्यावी एवढी मी दुष्ट नाही. पण खोटंही लिहिणार नाही. मी एवढंच लिहीन की कोणी धुतला ते मामी सांगेल. ती ओळ वाच, मामी. वाचून थांब. पुढचं आपोआप येईल.

भिंग


२५ मार्च

ती. मामा,

माझी चूक झाली. नदी तुकडीचा बगळा अस्सल आहे. दोरा जाळून बघितला, सुती आहे. चमक धुण्याच्या पावडरीची होती आणि मळही त्याच धुण्यात गेला. बदललेल्या अहवालाची प्रत जोडली आहे. ती समितीला लगेच द्या आणि हवालदारकाकांना त्यांची खोली परत मिळवून द्या.

तो कोणी धुतला ते मामी सांगेल. तिचं बोलणं पुरतं होईपर्यंत मध्ये बोलू नका, एवढी विनंती.

भिंग


४ एप्रिल

चि. भिंग,

पत्र मिळालं, वाचून घेतलं. चूक कबूल केलीस हे बरं केलंस. आमच्या धंद्यात फार थोडे करतात.

तू लिहितेस की बिल्ला धुतलेला आहे, पण कोणी धुतला ते आता कळायला मार्ग नाही. मार्ग सरळ आहे. माझ्याकडे आल्यावर तो धुतला गेला नाही, म्हणजे आधी धुतला गेला. म्हणजे हवालदाराने धुतला. आणि मी तोंडावर विचारलं तेव्हा नाही म्हणाला. बिल्ला खरा आणि माणूस खोटं बोलला, असं हे झालं. तेव्हाच हो म्हणाला असता तर तुझा अहवाल असा झाला नसता, माझी सही गेली नसती आणि त्याची खोलीही गेली नसती. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस का खोटं बोलतो मला कळत नाही. लाज वाटली असेल, सैनिकाने बिल्ला धोब्यासारखा बडवला म्हणून.

तरी मी मोठ्या मनाने घ्यायचं ठरवलं आहे. पुढच्या आठवड्यात मामीला घेऊन त्याच्याकडे जातो. त्याने धुतल्याचं मान्य केलं की दुसऱ्या दिवशी समितीला पत्र देतो. न मान्य करता दिलं, तर लपवाछपवीला माझी संमती आहे असा अर्थ होईल.

मामा

(बाजूला, बारीक अक्षरात) तब्येतीला जप. मी बरी आहे. मामी.


७ एप्रिल

मामी,

‘कळायला मार्ग नाही’ असं मी लिहिलेलं नाही. मी काय लिहिलं ते तुला ठाऊक आहे.

तिकडे जाण्याआधी सांग. वाटेत सांगितलंस तरी चालेल. मी आत्ता निघून येऊ शकत नाही, दालन उघडायला आलं आहे आणि बाई सोडत नाहीत. आणि हेही लिहिते, की मला सोडलं असतं तरी मी आले असते का याची मला खात्री नाही.

भिंग


७ एप्रिल

हवालदारकाका,

तुम्ही मला मी शाळेत असल्यापासून ओळखता, म्हणून हे लिहायचं धाडस करते. तुमचा बिल्ला अस्सल आहे. तो बनावट आहे असं माझ्या सहीने लिहिलं गेलं, ते चूक होतं आणि आता बदललं आहे. बिल्ला धुतला गेल्यामुळे दिव्याखाली फसवा दिसला. तुम्ही तो धुतलेला नाही हे मला माहीत आहे. कोणी धुतला ते सांगायचा हक्क मला नाही.

माफी मागते. तिचा उपयोग नाही हे कळतं, तरी मागते.

भिंग


१६ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र बहिणीने वाचून दाखवायला घेतलं होतं, पण माझे डोळे शाबूत आहेत, मी तिच्या हातून काढून घेतलं. इथे शिवणयंत्राचा खडखडाट असतो, त्यामुळे लिहायला वेळ लागला.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण आहे. थोडा आहे. जाईल.

काल तुझा मामा आला होता. मामी त्याचा दंड धरून घेऊन आली. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून आम्ही मागच्या खोलीत बसलो. बसायला एकच खुर्ची, ती त्याला दिली. मी ट्रंकेवर बसलो. मामी उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. तुझ्या मामाने बराच वेळ टाक्यांबद्दल, राखेबद्दल सांगितलं. मग म्हणाला, “बिल्ला खरा आहे. आता तू एकदा खरं बोल. तू तो धुतला होतास, एवढं म्हण. उद्या तुझी खोली परत.”

मी नाही म्हणणार होतो. नाही हा शब्द तोंडात आला होता. आमच्या तुकडीत बिल्ला धूत नसत, कारण ज्याच्या बिल्ल्याला नदीचा चिखल त्याला नव्याने आलेली पोरं वाट देत. माझ्या बगळ्याच्या पायात तो चिखल होता. मी तुझ्या मामाला बिल्ला दिला तेव्हाही होता. तो कुठे गेला याचा मी विचार करत होतो आणि माझी नजर सहज वर गेली.

तुझी मामी माझ्याकडे बघत होती. तिने काही खूण केली नाही. तोंडावर रक्त नव्हतं, आणि त्याच्या दंडावरचा तिचा हात इतका घट्ट होता की तो मध्येच म्हणाला, अगं, किती दाबतेस.

तेव्हा मला चिखल कुठे गेला ते कळलं. तुझ्या पत्रात जे नव्हतं ते तिथे होतं.

मी म्हटलं, हो. धुतला होता मी.

त्याचा चेहरा असा मोकळा झाला की काय सांगू. चाचपत उठला, मला मिठी मारली, म्हणाला, हेच त्या दिवशी म्हणाला असतास तर? या रविवारी ये, डाव अर्धा राहिला आहे. मामी रडायला लागली. त्याला वाटलं आनंदाने. जाताना तो तिला म्हणत होता, बघितलंस, माणसाला वेळ द्यावा लागतो, शेवटी खरं बाहेर येतंच.

आज सकाळी समितीचा निरोप आला, खोली तयार आहे, केव्हाही या. मी येत नाही म्हणून कळवलं. खरं बोललो तेव्हा खोली काढून घेतली आणि खोटं बोललो तेव्हा परत दिली. अशा खोलीत मला झोप लागायची नाही. पत्तेही आता नकोत. लबाडी करायला मजा येण्यासाठी समोरच्याने आपल्याला खरा मानावं लागतं.

बगळा तुमच्याकडे राहू दे. काचेत ठेवा नाहीतर कपाटात, पण पाटीवर माझं नाव घालू नका. धुऊन पांढरा झालेला तो पक्षी आता तुमचा आहे, माझ्या ओळखीचा नाही.

यातलं मामाला काही लिहू नकोस. लिहिलंस तरी वाचून दाखवणार तीच.

हवालदार